ऐंशीवर थांबणारी बॅटरी आणि भरकटणारा आकडा

लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात बॅटरीच्या दोन तक्रारी नेहमीच्या असतात. एक: ‘रात्रभर चार्जिंगला लावला तरी ८० टक्क्यांच्या पुढे जातच नाही.’ दुसरी: ‘३० टक्के दाखवत होता आणि एकदम बंद पडला.’ दोन्हींवर बऱ्याचदा एकच उपाय सुचवला जातो, तो म्हणजे नवी बॅटरी. पहिल्या तक्रारीत बॅटरीला बहुधा काहीही झालेले नसते. कोणीतरी कधीतरी कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंगची मर्यादा लावलेली असते आणि ते विसरून गेलेले असते. दुसऱ्या तक्रारीत बॅटरी खरोखर थकलेली असू शकते, किंवा बॅटरी ठीक असून फक्त तिचा आकडा खोटा असू शकतो. गंमत अशी की ही दुसरी तक्रार कधीकधी पहिल्या तक्रारीतल्या त्या मर्यादेमुळेच उद्भवते. मर्यादेमुळे बॅटरी जास्त टिकते हे खरे, पण तीच मर्यादा महिनोन्महिने न हलवता ठेवली की टक्क्यांचा हिशेब चुकू लागतो. म्हणून मर्यादा लावणाऱ्याने अधूनमधून हिशेबही तपासायला हवा. मर्यादेचे बटण देणारी ॲप हे क्वचितच ठळकपणे सांगतात.

आधी मर्यादा कशासाठी, ते पाहू. लॅपटॉपमधली बॅटरी लिथियम-आयन प्रकारची असते. सोनी कंपनीने १९९१मध्ये हा प्रकार बाजारात आणला आणि त्यामागच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. अशा एका सेलचा दाब पूर्ण भरल्यावर साधारण ४.२ व्होल्ट असतो, काही नव्या सेलमध्ये ४.३५ किंवा ४.४ व्होल्टपर्यंतही जातो. या वरच्या दाबाला सेलमधले द्रव रसायन हळूहळू बिघडू लागते. ऋण टोकावरच्या ग्रॅफाइटवर एक पातळ थर असतो, तोही जाड होत जातो आणि त्यात लिथियम कायमचे अडकून पडते. अडकलेले लिथियम म्हणजे गेलेली क्षमता. ती परत येत नाही.

हे नुकसान वापरातूनच होते असे नाही. बॅटरी नुसती भरलेली पडून राहिली तरी ते चालूच राहते, आणि उष्णता त्याचा वेग वाढवते. बॅटरी युनिव्हर्सिटी या माहितीसंग्रहात यासंबंधी एक प्रसिद्ध तक्ता आहे. त्यातल्या अंदाजानुसार २५ अंश तापमानात ४० टक्के भरलेली बॅटरी वर्षभर ठेवली तर सुमारे ४ टक्के क्षमता जाते. तीच १०० टक्के भरून ठेवली तर सुमारे २० टक्के. तापमान ४० अंश असेल तर हेच आकडे अनुक्रमे १५ आणि ३५ टक्क्यांवर जातात. प्रत्येक बॅटरी या तक्त्याबरहुकूम वागत नाही, पण दिशा स्पष्ट आहे. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. तिथे बंद खोलीत दिवसभर चार्जर लावून शंभर टक्क्यांवर ठेवलेला लॅपटॉप या तक्त्याच्या सगळ्यात वाईट कोपऱ्यात बसलेला असतो. त्यात तो गादीवर ठेवून हवेची जाळी बंद केली, तर प्रोसेसरची उष्णताही बॅटरीच्या वाट्याला येते.

‘चार्जर लावून ठेवला की बॅटरी ओव्हरचार्ज होते’ ही समजूत मात्र चुकीची आहे. बॅटरी भरली की चार्जिंग थांबते आणि लॅपटॉप थेट अ‍ॅडॅप्टरवर चालतो. बॅटरीचे नुकसान होते ते वरच्या दाबाला तासन्‌तास, दिवसेंदिवस ताटकळत राहिल्यामुळे. म्हणून दिवसातले दहा तास लॅपटॉप टेबलावर आणि पिन भिंतीत, अशी ज्यांची कामाची रीत आहे त्यांच्यासाठी ८० टक्क्यांची मर्यादा हा सगळ्यात स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे. रोज सकाळी लॅपटॉप घेऊन बाहेर पडणाऱ्याला तिचा फायदा बराच कमी होतो, कारण त्याची बॅटरी तशीही फार वेळ शंभरवर राहत नाही.

मर्यादा लावायची कुठे, हे कंपनीगणिक वेगळे. विंडोजच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये सगळ्या लॅपटॉपना लागू पडेल असे बटण नाही, त्यामुळे कंपनीचे ॲप किंवा बायोस धुंडाळावे लागते. लेनोव्होच्या व्हँटेज ॲपमध्ये आयडियापॅडसाठी ‘कन्झर्व्हेशन मोड’ असतो. थिंकपॅडवर चार्जिंग किती टक्क्यांना सुरू व्हावे आणि कितीला थांबावे हे दोन्ही आकडे स्वतः ठरवता येतात. आसूसच्या मायआसूसमध्ये ‘बॅटरी हेल्थ चार्जिंग’ किंवा ‘बॅटरी केअर मोड’, एसरच्या केअर सेंटर वा एसरसेन्समध्ये ८० टक्क्यांची मर्यादा, एमएसआय सेंटरमध्ये १००, ८० आणि ६० असे तीन पर्याय. डेलच्या बायोसमध्ये ‘प्रायमरिली एसी यूज’ आणि ‘कस्टम’ हे पर्याय आहेत, एचपीच्या व्यावसायिक मॉडेलमध्ये ‘बॅटरी हेल्थ मॅनेजर’. मॅकबुक बिग सर आवृत्तीपासून तुमच्या सवयी पाहून स्वतःच ८० टक्क्यांवर थांबायचा प्रयत्न करतो. लिनक्सवाल्यांसाठी टीएलपी हे साधन जुने आणि भरवशाचे आहे. नोम डेस्कटॉपच्या ४८ या मार्च २०२५च्या आवृत्तीपासून, ज्या लॅपटॉपवर ही सोय चालते तिथे हा पर्याय सेटिंगमध्येच दिसतो.

या मर्यादेचे काही चमत्कारिक गुण ठाऊक असले की निम्मी धावपळ वाचते. मर्यादा बहुतेक लॅपटॉपमध्ये मदरबोर्डवरच्या छोट्या नियंत्रक चिपमध्ये साठवलेली असते. त्यामुळे विंडोज फॉरमॅट केले, ॲप उडाले, तरी मर्यादा तशीच राहू शकते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत जुने ऑफिसचे लॅपटॉप घेणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो: मशीन छान, पण ८० किंवा ६० टक्क्यांना अडकलेले. आधीच्या कंपनीच्या आयटी विभागाने बायोसमध्ये लावलेली मर्यादा नव्या मालकाकडे येते. नवी बॅटरी टाकली तरी ती तिथेच थांबेल. याच्या उलटही घडते. बायोस अद्ययावत केल्यावर सेटिंग मूळपदावर जाते आणि मर्यादा गेल्याचे महिनाभर कळतच नाही. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर दोन्हीकडची साधने एकमेकांची सेटिंग पुसत राहतात. अशा वेळी एकाच ठिकाणची मर्यादा ठेवावी, शक्यतो बायोसमधली.

आणखी एक गोंधळ. लॅपटॉप ९५ टक्क्यांवर असताना ८०ची मर्यादा लावली तर बहुतेक मशीन खाली येत नाहीत. पिन लावलेली असेपर्यंत आकडा ९५वरच राहतो, कारण मर्यादेचा अर्थ ‘याच्या पुढे भरू नको’ एवढाच असतो. पिन काढून आकडा एकदा ८०च्या खाली आणला की मग ती काम करू लागते. तसेच ७८ टक्क्यांवर पिन लावूनही चार्जिंग सुरू झाले नाही तर घाबरू नये. अनेक कंपन्या ७५च्या खाली गेल्याशिवाय भरायला सुरुवात करत नाहीत, कारण दोन-तीन टक्क्यांसाठी दिवसभर भर-उतर करणे निरर्थक असते.

‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ हा संदेश दिसला की आकड्याकडे पाहावे. नेमके ८०, ६० किंवा त्याच्या आसपास थांबले असेल तर संशय मर्यादेवर घ्यावा. ४३ किंवा १७ अशा भलत्याच आकड्यावर थांबले असेल तर अ‍ॅडॅप्टर पाहावा. टाइप-सी चार्जर पुरेशा वॅटचा नसेल तर लॅपटॉप चालतो, बॅटरी भरत नाही. गोल पिनच्या डेल अ‍ॅडॅप्टरमध्ये मधली बारीक पिन ओळखीसाठी असते; ती वाकली किंवा अ‍ॅडॅप्टर ओळखता येत नसेल तर तेच होते. तिसरे कारण तापमानाचे. सेलचे तापमान साधारण ४५ अंशांच्या वर गेले की चार्जिंग रोखण्याची सोय असते. उन्हात ठेवलेल्या गाडीतून काढलेला लॅपटॉप लगेच भरत नसेल तर त्याला तासभर गार होऊ द्यावे.

आता आकड्याकडे वळू. स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसणारे टक्के हे मोजमाप नसते. तो अंदाज असतो, आणि तो बॅटरीच्या पॅकमधलीच एक चिप बांधत असते. गच्चीवरच्या झाकण बंद असलेल्या पाण्याच्या टाकीसारखी ही स्थिती आहे. आत डोकावता येत नाही. येणाऱ्या आणि जाणाऱ्या नळांवर मीटर आहेत, त्यांच्या वजाबाकीवरून आत किती पाणी उरले ते सांगायचे. मीटर थोडे जरी चुकीचे असतील तरी रोजची चूक साठत जाते. शिवाय टाकीच्या तळाशी गाळ बसतो आहे, म्हणजे टाकी पूर्वीएवढी मोठी राहिलेली नाही, आणि नेमका किती गाळ बसला हे टाकी एकदा काठोकाठ भरून आणि एकदा तळापर्यंत उपसून पाहिल्याशिवाय कळत नाही.

बॅटरीतली चिप नेमके हेच करते. प्रवाह मोजून ती बेरीज-वजाबाकी ठेवते, आणि संधी मिळेल तेव्हा सेलच्या दाबावरून ती तपासून घेते. ही संधी दोन प्रकारे मिळते. बॅटरी काही तास शांत राहिली, ना भरणे ना उतरणे, की स्थिर झालेल्या दाबावरून ती किती भरलेली आहे हे बऱ्यापैकी ओळखता येते. आणि दोन अशा विश्रांतींच्या मध्ये चार्जमध्ये पुरेसा मोठा फरक पडला असेल, तर मधल्या वेळात वाहिलेल्या विजेवरून एकूण क्षमता किती उरली हेही चिप नव्याने शिकते. काही जुन्या पद्धतीच्या चिपना तर पूर्ण भरलेल्या अवस्थेपासून ७ टक्क्यांच्या आसपासच्या खुणेपर्यंत सलग उतरलेली बॅटरीच लागते. त्याशिवाय त्या काही शिकतच नाहीत.

मर्यादा लावलेला, सदैव भिंतीला जोडलेला लॅपटॉप चिपला यातले काहीच देत नाही. बॅटरी ८०वर बसून असते, कधी ७५ला येते, पुन्हा ८०ला जाते. वरचे टोक दिसत नाही, खालचे दिसत नाही. मधल्या पट्ट्यात सेलचा दाब तुलनेने सपाट असतो, त्यामुळे दाबातली छोटी चूक टक्क्यांत मोठी होते. चिपला न जाणवण्याइतके बारीक प्रवाह वर्षभर वाहत राहतात आणि हिशेबात येतच नाहीत. दरम्यान बॅटरी म्हातारी होत असते, पण चिपच्या वहीत मात्र सहा महिन्यांपूर्वीचीच क्षमता लिहिलेली असते. मग एके दिवशी लाइट जाते, लॅपटॉप खरोखर बॅटरीवर चालू लागतो आणि ३० टक्के दिसत असताना बंद पडतो. मर्यादा फसवी असल्याचा निष्कर्ष इथे काढायचा नाही. बॅटरीचे आयुष्य तिने वाढवलेलेच असते. चिपला फक्त नवी मापे घ्यायची संधी मिळालेली नसते.

बॅटरी गेली की आकडा चुकला, हे ठरवण्यासाठी विंडोजमध्ये एक उत्तम साधन आहे आणि ते फुकट आहे. कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवर-सीएफजी ही आज्ञा द्यावी, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट हा शब्द, अर्थातच इंग्रजी अक्षरांत. एक अहवाल तयार होतो, तो ब्राउझरमध्ये उघडावा. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे नवीन असतानाची क्षमता आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे चिपच्या मते आजची क्षमता. समजा पहिली ५०,००० आणि दुसरी ४०,००० मिलिवॅट-तास आहे. म्हणजे बॅटरीची ८० टक्के क्षमता उरली आहे. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी की चार्जिंगची मर्यादा ही उरलेल्या क्षमतेवर लागते. या बॅटरीला ८० टक्क्यांची मर्यादा असेल तर प्रत्यक्षात ३२ वॅट-तासच हाताशी असतात. सरासरी ८ वॅट खाणाऱ्या कामाला ते चार तास पुरतील. पूर्ण भरली असती तर पाच.

अहवालात खाली ‘बॅटरी कपॅसिटी हिस्टरी’ नावाचा तक्ता असतो. मला सगळ्यात बोलका तोच वाटतो. क्षमतेचा आकडा आठवड्यागणिक थोडा खाली, थोडा वर होत हळूहळू घसरत असेल तर चिप शिकते आहे. तोच आकडा शेवटच्या अंकापर्यंत महिनोन्महिने तसाच असेल आणि तुम्ही मर्यादा लावलेली असेल, तर चिपला शिकायची संधी मिळालेली नाही. आणि आकडा अचानक एका आठवड्यात दहा-पंधरा टक्के पडला असेल तर बॅटरी त्या आठवड्यात मेलेली नसते. आधीच थकलेली असते, चिपला ते तेव्हा उमगते. मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ‘पॉवर’खाली चक्रांची संख्या आणि अवस्था दिसते. आजच्या बहुतेक मॅकबुकच्या बॅटरीसाठी ॲपल १००० चक्रांची मर्यादा सांगते. चक्र म्हणजे दरवेळी पिन लावणे नव्हे. दोन वेळा निम्मी बॅटरी वापरली की एक चक्र.

लक्षणांवरूनही काही अंदाज बांधता येतो. अर्धा तास १००वर खिळून राहून मग भराभर उतरणारी बॅटरी, किंवा ५ टक्क्यांवर येऊन त्यानंतरही पाऊण तास चालणारी, ही हिशेब चुकल्याची लक्षणे आहेत. साधे लिखाण करताना नीट चालणारा, पण व्हिडिओ एडिटिंग किंवा गेम सुरू करताच ४० टक्क्यांवर बंद पडणारा लॅपटॉप वेगळा. तिथे सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, जास्त वीज ओढली की दाब कोसळतो. त्यावर कॅलिब्रेशनचा, म्हणजे बॅटरी एकदा पूर्ण भरून आणि पूर्ण उतरवून चिपला नवी मापे घेऊ देण्याचा, इलाज नाही. पॅकमधले तीन-चार सेल एकामागोमाग जोडलेले असतात आणि त्यातला एक जरी कमजोर झाला तरी सगळा पॅक त्याच्या चालीने चालतो.

कॅलिब्रेशनने क्षमता वाढत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. कितीतरी लोक कॅलिब्रेशन केल्यावर बॅकअप कमी झाल्याची तक्रार करतात. प्रत्यक्षात आकडा खरा झालेला असतो आणि खरे ऐकायला कडू असते. पूर्ण उतरवून भरल्याने बॅटरी ‘ताजी’ होते ही कल्पना निकेल-कॅडमियमच्या काळातली, नवा लॅपटॉप घरी आणल्यावर पहिल्यांदा आठ-बारा तास चार्ज करा हा दुकानदारांचा सल्लाही त्याच काळातला. लिथियम-आयनला दोन्ही लागू नाही. उलट प्रत्येक पूर्ण उतार थोडी झीज घडवतो. म्हणून दर आठवड्याला कॅलिब्रेशन करणारे उत्साही लोक स्वतःच्याच बॅटरीचे नुकसान करतात. मर्यादा कायम लावलेली असेल तर दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे. मर्यादा नसेल आणि लॅपटॉप अधूनमधून बॅटरीवर वापरला जात असेल, तर लक्षणे दिसल्याशिवाय करूच नये. मॅकच्या अंगभूत बॅटरीला स्वतः कॅलिब्रेशन करायची गरज नाही, असे ॲपलचे म्हणणे आहे.

आता कृती. सुट्टीचा दिवस निवडावा, आणि ज्या दिवशी लाइट जाण्याची शक्यता आहे असा दिवस टाळावा. आधी मर्यादा काढावी. लॅपटॉप १०० टक्के भरू द्यावा आणि आकडा १००वर आल्यावरही आणखी एक-दोन तास पिन तशीच ठेवावी. शेवटचा टप्पा संथ असतो, प्रवाह हळूहळू आटत जातो आणि ‘पूर्ण भरली’ ही खूण चिप तेव्हाच नोंदवते. १०० दिसताच पिन काढणाऱ्यांचे कॅलिब्रेशन इथेच फसते.

मग पिन काढावी. पॉवरच्या सेटिंगमध्ये बॅटरीवर असताना स्लीप बंद करावी, आणि बॅटरी अगदी कमी झाल्यावर काय करायचे तिथे हायबरनेट निवडावे. ५ टक्क्यांची खूण राहू द्यावी. सगळ्या फाइली सेव्ह करून बंद कराव्यात. आकडा खोटा असेल तर मशीन ५ टक्क्यांची वाट न पाहता मधेच झपकन विझेल. आता त्याला हलक्या, एकसारख्या कामावर लावावे: ब्राइटनेस मध्यम ठेवून एखादा लांब व्हिडिओ चालू ठेवला तरी चालेल. गेम लावून घाईने बॅटरी संपवू नये. जास्त भाराखाली सेलचा दाब लवकर पडतो, त्यामुळे खालचे टोक वेळेआधीच आल्यासारखे चिपला वाटते आणि तापमानही वाढते. मधे पिन लावली तर सगळे पुन्हा पहिल्यापासून.

मशीन आपोआप बंद झाले की ते तीन-चार तास तसेच ठेवावे. हा भाग सगळ्यात जास्त टाळला जातो आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण रिकाम्या बॅटरीचा दाब स्थिर व्हायला वेळ लागतो आणि चिपला खालचे टोक त्या शांत वेळेतच नीट दिसते. पण रात्रभर किंवा दोन दिवस रिकामे ठेवू नये. अगदी रिकामी बॅटरी आणखी उतरत गेली तर सेलला इजा होते आणि पॅकमधले संरक्षण पॅक कायमचा बंदही करू शकते. त्यानंतर पिन लावून सलग १०० टक्के भरावी, शक्यतो मशीन बंद ठेवून. झाले की पुन्हा मर्यादा लावावी, आणि नंतर सवड मिळेल तेव्हा आकडा ८०च्या खाली उतरू द्यावा. ही मर्यादा परत लावायची गोष्ट विसरली जाते. फोनमध्ये आठवण लावून ठेवलेली बरी.

एक अडचण येऊ शकते. ५ टक्क्यांवर विंडोज हायबरनेट करते, पण बॅटरीत अजून बरेच उरलेले असते. पुन्हा सुरू केले की पुन्हा हायबरनेट. अशा वेळी मशीन बायोसच्या पडद्यावर सुरू करून तिथेच सोडावे. विंडोजचा हस्तक्षेप नसल्याने ते खरोखर संपेपर्यंत चालते, आणि सेल धोक्याच्या पातळीखाली जाऊ नयेत याची काळजी पॅकमधले संरक्षण घेते. थिंकपॅडवर व्हँटेजमध्ये ‘बॅटरी गेज रिसेट’ आहे, तो हे सगळे स्वतः करतो, पिन लावलेली ठेवून. एसरच्या केअर सेंटरमध्येही कॅलिब्रेशनचे बटण आहे. टीएलपीमध्ये थिंकपॅडसाठी रिकॅलिब्रेट नावाची आज्ञा आहे. अशी सोय असेल तर हाताने करत बसू नये.

नंतर अहवाल पुन्हा काढावा. क्षमतेचा आकडा बदललेला असेल आणि ३० टक्क्यांवर बंद पडणे थांबले असेल तर काम झाले. आकडा बदलला नाही किंवा मशीन तसेच अचानक बंद पडत असेल, तर आणखी एकदा करून पाहायला हरकत नाही. त्यानंतरही तसेच असेल तर बॅटरी खरोखर बदलायच्या अवस्थेत आहे. चौथ्या-पाचव्या कॅलिब्रेशनने काही नवे कळत नाही.

मर्यादा किती ठेवायची, यावर लोक विनाकारण वाद घालतात. कायम टेबलावर असलेल्या मशीनला ६० सुद्धा चालेल. बहुतेकांना ८० योग्य. संध्याकाळी दोन-तीन तास भारनियमन असलेल्या गावात, जिथे इन्व्हर्टर नाही आणि मुलांचा ऑनलाइन क्लास त्याच वेळेला असतो, तिथे १००च ठेवावे. बॅटरी दोन वर्षे जास्त टिकावी म्हणून रोज अंधारात बसणे हा शहाणपणा नव्हे. प्रवासाच्या आदल्या रात्री मर्यादा काढावी, परतल्यावर लावावी. लॅपटॉप महिनोन्महिने वापरात नसेल, जसे परदेशी गेलेल्या मुलाचा जुना लॅपटॉप घरी पडलेला असतो, तर तो ५० टक्क्यांच्या आसपास भरून, पूर्ण बंद करून, घरातल्या गार कपाटात ठेवावा आणि दर दोन-तीन महिन्यांनी थोडा भरावा. स्लीपमध्ये ठेवून विसरलेला लॅपटॉप तळाला जाऊन पडतो, मग चार्जर लावला तरी उठत नाही.

बॅटरी बदलायची वेळ आलीच तर दुकानात दोन प्रकारचे प्रस्ताव मिळतात. एक, कंपनीची किंवा चांगल्या नावाची नवी बॅटरी. दुसरा, ‘आतले सेल बदलून देतो’. दुसऱ्यात जुनीच चिप राहते, तिच्या वहीत जुनीच क्षमता आणि जुनीच चक्रे लिहिलेली असतात, आणि नवे सेल असूनही आकडा खोटा येतो. सेल जोडताना झालेल्या चुकीचा धोका वेगळाच. स्वस्त बॅटरी लावून आणली की त्याच दिवशी बॅटरी अहवाल काढावा. पूर्ण क्षमता आणि मूळ क्षमता अगदी एकसारखी, शेवटच्या अंकापर्यंत, आणि आठवड्याभराच्या वापरानंतरही तशीच असेल, तर तिच्या चिपवर विश्वास ठेवू नये. पावती जपून ठेवावी आणि प्रत्यक्ष किती वेळ चालते ते घड्याळ लावून पाहावे.

टचपॅड वर आला, झाकण नीट बसेना, तळाचा पत्रा फुगला, तर वर सांगितलेले काहीच करायचे नाही. बॅटरी फुगली आहे. कॅलिब्रेशन नाही, चार्जिंग नाही, दाबून बसवणे तर अजिबात नाही. मशीन बंद करून पिन काढावी आणि ते जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवावे. बॅटरी स्वतः उचकटू नये. टोक लागून सेल फाटला तर आग लागते. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नये. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे कंपनीच्या सेवाकेंद्रात किंवा अधिकृत ई-कचरा संकलकाकडे ती द्यावी. नवी बॅटरी बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात एक पूर्ण चक्र करून घ्यावे आणि मग बायोसमध्ये जाऊन मर्यादा लावावी.